नर बांबूपासून कार्बनच्या नळीपर्यंत : हलक्या गळकाठीसाठी कोऱ्या काठीची निवड – एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : मीरा-भाईंदर)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील मासेमारीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने होडी, जाळे आणि बाजारपेठ या तीन घटकांकडे जाते. मत्स्यव्यवसायाचे अर्थकारण या तीन घटकांवर उभे असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. गळ आणि काठी यांचा विचार मात्र बहुधा करमणुकीच्या सदरात टाकला जातो. आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणातही हा भेद दिसून येतो. तेथे तयार मासेमारी जाळी ५६०८ या शीर्षाखाली दोरखंडाच्या वर्गात येतात, तर मासेमारीच्या काठ्या आणि गळ ९५०७ या शीर्षाखाली खेळणी व क्रीडासाहित्याच्या प्रकरणात समाविष्ट होतात. एक साधन उपजीविकेचे आणि दुसरे खेळाचे, अशी ही विभागणी आहे. या विभागणीमुळे काठीच्या घडणीमागील ज्ञान इतिहासलेखनाच्या कक्षेबाहेर राहिले.

आज स्वतःच्या हाताने मासेमारीची काठी बांधणारा छंदिष्ट सर्वप्रथम 'ब्लँक' निवडतो. मूठ, रिळाची बैठक आणि दोर ओवण्याच्या कड्या बसविण्यापूर्वीची जी कोरी, निमुळती काठी, तिला ब्लँक असे म्हणतात. विशेषतः 'अल्ट्रालाइट' म्हणजे अतिहलक्या काठीच्या बाबतीत ही निवड निर्णायक ठरते. कारण कोऱ्या काठीत जो दोष असेल तो पुढील कोणत्याही कारागिरीने झाकता येत नाही. या निवडीला दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास असून त्या इतिहासाच्या प्रारंभी भारतीय बांबू उभा आहे. काठीची पारख हाताकडून आकड्याकडे कशी गेली आणि आकड्याला हाताची जागा पूर्णपणे का घेता आली नाही, हे मीरा-भाईंदरच्या खाडीपट्ट्याच्या संदर्भात तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाची मांडणी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीची आहे.

मीरा-भाईंदरचा जलपरिसर

मीरा-भाईंदर हे नाव आज लोकलगाडी आणि गृहसंकुले यांच्याशी जोडले गेले आहे. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. तथापि या शहराची भौगोलिक घडण पाण्याने ठरविली आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, मधल्या पट्ट्यात तिवरांची वने व मिठागरे आणि पूर्वेस घोडबंदरचा डोंगराळ भाग अशी तिची रचना आहे. उत्तन, पाली आणि चौक ही कोळीवाड्यांची गावे याच महानगरपालिकेच्या हद्दीत येतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावलेले डोल जाळे आणि त्यात सापडणारा बोंबील ही या किनाऱ्याची ओळख होय. हा बोंबील जेथे वाळत घातला जातो त्या वलांडीही बांबूच्याच असतात. म्हणजेच बांबूची पारख या किनाऱ्याला परकी नाही.

खाडीच्या आतील पाणी मात्र वेगळ्या मासेमारीची अपेक्षा करते. तिवरांच्या मुळांमधील अरुंद चर, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि गढूळ, उथळ पाणी असे त्याचे स्वरूप आहे. बोय, शिंगाळा यांसारखे मासे आणि क्वचित जिताड्यासारखा बलवान मासा अशा पाण्यात वावरतो. येथे लांब फेकीपेक्षा नेमकी फेक आणि मोठ्या ताकदीपेक्षा शेंड्याची संवेदनशीलता अधिक उपयोगाची असते. अतिहलक्या काठीचे प्रयोजन नेमके हेच आहे.

भाषेत उरलेला गळ, निनावी राहिलेली काठी

मराठी भाषेने गळाला उदार आश्रय दिला आहे. 'गळ' आणि 'गरी' हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या कोशात आढळतात. 'गळाला लागणे' हा वाक्प्रचार मासळीशी संबंध नसलेल्यांच्याही तोंडी असतो. कोकणात गळाने मासे पकडण्याला 'गरवणे' असे स्वतंत्र क्रियापदही आहे. याउलट ज्या काठीला तो गळ बांधला जातो तिला मात्र 'काठी' याखेरीज विशेष नाव मिळाले नाही. भाषेतील या पोकळीचा अर्थ काठीची पारख नव्हती असा होत नाही. ती पारख साधनापेक्षा द्रव्याच्या, म्हणजे बांबूच्या, शब्दांत बोलली जात होती, एवढाच त्याचा अर्थ आहे.

गळाच्या मासेमारीला ग्रंथात स्थान मिळाल्याचे एक महत्त्वाचे उदाहरण दख्खनमध्येच सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११२९ च्या आसपास, रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून 'मत्स्यविनोद' वर्णिलेला आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांची आमिषे आणि गळाने मासे पकडण्याची रीत यांचा परामर्श घेतला आहे. याच ग्रंथातील मराठी पदांच्या उल्लेखामुळे तो मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. गळाची मासेमारी हा विचारपूर्वक करावयाचा विनोद आहे, ही कल्पना इंग्रजांबरोबर आली असा समज त्यामुळे दुरुस्त करावा लागतो.

बांबूची पारख : बुडखा आणि शेंडा

महाराष्ट्रात बांबूच्या अनेक जाती नांदतात आणि लोकव्यवहारात त्यांची कामे वाटलेली आहेत. जाड, काटेरी आणि पोकळ कळक बांधकामासाठी वापरतात. कोकणातील माणगा, ज्याला काही भागांत मेस म्हणतात, तो बराचसा भरीव असतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील चिवा किंवा चिवारी सडपातळ असते. विदर्भाच्या वनांतील नर बांबू, म्हणजे शास्त्रीय परिभाषेत डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, कोरड्या जमिनीत वाढल्यास जवळजवळ भरीव होतो. लाठीसाठी त्याला प्राधान्य मिळाले ते याच गुणामुळे.

बांबूवर उपजीविका करणाऱ्या बुरूड समाजाने आणि किनाऱ्यावरील वापरकर्त्यांनी जी कसोटी घडविली तिचे घटक ठळकपणे सांगता येतात. बांबू कोवळा नसावा, तीन पावसाळे तरी पाहिलेला असावा. पावसाळा संपून रस ओसरल्यावर तोडलेला असावा, अन्यथा त्याला भुंगा लागतो. पेरे जवळजवळ नसावीत, कारण प्रत्येक पेरापाशी तंतूंची दिशा मोडते. बुडख्यापासून शेंड्यापर्यंतचा निमुळतेपणा एकसारखा असावा. अखेरीस काठी हातात धरून हलवावी आणि हेलकावा किती लवकर थांबतो ते पाहावे. आजच्या यंत्रशास्त्राच्या भाषेत या कसोट्या म्हणजे द्रव्याची परिपक्वता, आर्द्रता, तंतूंचे सातत्य, निमुळतेपणाचे प्रमाण आणि कंपनांचे शमन होत. शब्द निराळे असले तरी प्रश्न तेच आहेत.

कलकत्ता केन आणि टोंकिन

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोप-अमेरिकेतील काठ्या प्रामुख्याने हिकरी, लान्सवुड आणि गयानातील ग्रीनहार्ट अशा लाकडांच्या असत. त्या वजनदार होत्या. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथील बंदूक कारागीर सॅम्युएल फिलिप यांनी बांबूच्या चिरफळ्या तासून त्या एकमेकींना सरसाने जोडल्या आणि काठीचे भाग तयार केले. १८७० च्या दशकात मेन राज्यातील हायरम लिओनार्ड यांनी सहा त्रिकोणी चिरफळ्यांची काठी यंत्राच्या साह्याने तयार करून तिला व्यापारी स्वरूप दिले. बांबूच्या कांडाचा बाहेरचा थर तंतूंनी सर्वांत दाट असतो. तोच तेवढा ठेवून आतील मऊ भाग टाकून द्यावयाचा, हे या पद्धतीचे मर्म होते.

या काठ्यांचा बांबू भारतातून जात होता. बंदराच्या नावावरून त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. तो सामान्यतः नर बांबूच असल्याचे मानले जाते, म्हणजे मेळघाट आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत वाढणारी तीच जात. अतिहलक्या काठीची पाश्चात्त्य परंपरा ज्या द्रव्यावर उभी राहिली ते द्रव्य भारतीय होते. परंतु त्याचे मूल्य ठरविणारी निवड भारतात होत नव्हती. कलकत्ता केनवर डागल्याच्या खुणा असत आणि जळालेल्या भागाच्या चिरफळ्या कारागिराला फेकून द्याव्या लागत. किडीची छिद्रे ही दुसरी तक्रार होती. तोड, वाळवण आणि साठवण यांची पारख करणारा माणूस एका टोकाला आणि काठीचा कारागीर दुसऱ्या टोकाला, अशी ही साखळी होती. या दोघांमध्ये संवादाचा मार्ग नव्हता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांताचा बांबू 'टोंकिन' या व्यापारी नावाने बाजारात आला. त्याची पेरे लांब व कमी उठावाची, कांड सरळ आणि तंतूंचा थर जाड होता. कलकत्ता केन लवकरच मागे पडली. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. ए. मॅक्लूर यांनी १९३१ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. एका द्रव्याला शास्त्रीय ओळख, प्रतवारी आणि कारागिराशी थेट नाते मिळाले. दुसरे बंदराच्या नावानेच ओळखले जात राहिले. भारतीय बांबूच्या पीछेहाटीत नैसर्गिक गुणांच्या फरकाइतकाच या फरकाचाही वाटा आहे, असे म्हणण्यास आधार मिळतो.

मुंबईतील छंद आणि त्याचे लेखन

याच काळात भारतात गळाच्या मासेमारीचे इंग्रजी वाङ्मय तयार होत होते. मद्रास सनदी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये मंगळूर येथे प्रसिद्ध झाले. तलावांतील मासेमारीवरील त्यांचे 'टँक अँगलिंग इन इंडिया' १८८७ मध्ये आले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये ए. सेंट जे. मॅकडोनाल्ड यांचे महाशीर व इतर माशांच्या मासेमारीवरील पुस्तक मुंबईतून प्रकाशित केले. १८९१ मध्ये बांधलेला पवई तलाव पिण्याच्या पाण्यासाठी निरुपयोगी ठरल्यावर गळाच्या मासेमारीचे केंद्र झाला आणि पुढे महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशनचे कार्य त्याच्याशी निगडित राहिले. पवई आणि मीरा रोड यांच्यामध्ये आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. अंतर काही कोसांचे आहे.

या वाङ्मयाने मासा, आमिष आणि आयात साहित्य यांची सविस्तर नोंद ठेवली. उत्तन किंवा घोडबंदरच्या माणसाने खाडीत गरवण्यासाठी काठी कशी निवडली, याला मात्र त्यात स्थान मिळाले नाही. छंदाचा इतिहास इंग्रजीत लिहिला गेला आणि पारखीचा इतिहास मराठीत बोलला जाऊन विरला, अशी ही विषम नोंद आहे.

काच आणि कार्बन : पारख आकड्यात जाते

दुसऱ्या महायुद्धानंतर काठीचे द्रव्य बदलले. आर्थर होवाल्ड यांच्या पद्धतीने बनविलेली शेक्सपिअर कंपनीची काचतंतूची 'वंडररॉड' १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आली. कोरियन युद्धाच्या काळात, डिसेंबर १९५० मध्ये, अमेरिकेने चीनशी व्यापार थांबविला आणि टोंकिनचा पुरवठा तुटला. त्यामुळे काचतंतूचा प्रसार वेगाने झाला. येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. काचतंतूचा ताठरपणा सुमारे ७२ गिगापास्कल आणि घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम असते. बांबूचा तंतूंच्या दिशेतील ताठरपणा १५ ते २० गिगापास्कल असला तरी त्याची घनता ०.७ ग्रॅमच्या आसपास आहे. वजनाच्या तुलनेत पाहिल्यास दोघांत फारसे अंतर नाही. काचतंतू जिंकला तो स्वस्ताई, कुजण्यापासून मुक्ती आणि कारखान्यातील एकसारखेपणा यांच्या बळावर.

हलकेपणातील खरी झेप कार्बनने घेतली. रॉजर बेकन यांचे १९५८ मधील आणि जपानमधील अकियो शिंदो यांचे १९६१ मधील संशोधन, तसेच १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेचे कार्य यांतून उच्च ताठरपणाचा कार्बनतंतू सिद्ध झाला. १९७३ मध्ये अमेरिकेतील फेन्विक कंपनीने कार्बनतंतूची काठी विक्रीस आणली. सामान्य प्रतीच्या कार्बनतंतूचा ताठरपणा सुमारे २३० गिगापास्कल आणि घनता १.८ ग्रॅम असते. वजनाच्या तुलनेत तो काचतंतूच्या चौपटीहून अधिक ताठ ठरतो. राळेत भिजविलेले कार्बनचे पातळ कापड ठरावीक आकारात कापून निमुळत्या पोलादी दांड्यावर गुंडाळतात, वरून फीत आवळून भट्टीत घट्ट करतात आणि शेवटी दांडा काढून घेतात. उरते ती निमुळती नळी, म्हणजेच आजचा ब्लँक.

निसर्गाने बांबूला दिलेली रचनाच येथे यंत्राने पुन्हा साधली आहे. पातळ भिंतीच्या नळीचा ताठरपणा व्यासाच्या घनाच्या आणि भिंतीच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो. व्यास दुप्पट आणि भिंत निम्मी केली, तर वजन तेवढेच राहून ताठरपणा चौपट होतो. मात्र भिंत फार पातळ झाली की वाकताना नळी चपटी होऊन तुटते. हलकेपणा आणि टिकाऊपणा यांतील हा ताण प्रत्येक अतिहलक्या ब्लँकमध्ये असतो. छापील पत्रकात तो एका अंकानेही व्यक्त होत नाही.

आजची निवड : आकडा आणि हात

अतिहलक्या ब्लँकवर सामान्यतः लांबी, दोराची ताकद आणि आमिषाचे वजन हे तीन आकडे दिलेले असतात. लांबी बहुधा पाच ते सात फूट, दोर एक ते पावणेतीन किलोग्रॅम आणि आमिष एक ते सात ग्रॅम अशी त्यांची व्याप्ती असते. याशिवाय 'पॉवर' म्हणजे एकूण ताठरपणा आणि 'ॲक्शन' म्हणजे वाक कोठे पडतो याची श्रेणी नमूद केलेली असते. परंतु या श्रेणींचे सर्व उत्पादकांना बंधनकारक असे समान मोजमाप नाही. एकाची 'अल्ट्रालाइट' दुसऱ्याच्या 'लाइट'हून ताठ असू शकते. ही उणीव लक्षात घेऊन अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅनेमन यांनी २००० नंतरच्या दशकात 'कॉमन सेंट्स' ही पद्धत सुचविली. काठी आडवी धरून तिच्या शेंड्याला एक सेंटची नाणी बांधावयाची आणि लांबीच्या एक तृतीयांशाइतका वाक पडेपर्यंत किती नाणी लागतात ते मोजावयाचे, अशी ती पद्धत आहे. प्रगत द्रव्याच्या काठीची परीक्षा अखेर खिशातील सुट्ट्या नाण्यांनी करावी लागते, ही घटना बोलकी आहे. भारतात हेच काम ज्ञात वजनाच्या नाण्यांनी घरच्या घरी होऊ शकते.

मीरा-भाईंदरच्या पाण्यासाठी या निवडीचे काही निकष स्पष्ट होतात. दोन-तीन ग्रॅमच्या आमिषानेही शेंडा वाकला पाहिजे, अन्यथा फेक होत नाही. तिवरांच्या मुळांत शिरू पाहणारा मासा वळविण्यासाठी बुडख्यात मात्र ताकद राखलेली असावी. शेंड्याकडील कड्या, दोरा आणि लेप यांचे वजन जितके वाढेल तितका हेलकावा मंदावतो. म्हणून कोरी काठी हलकी निवडून तिच्यावर जड कड्या चढविणे व्यर्थ होय. खाऱ्या पाण्यात कार्बन गंजत नसला तरी कड्यांची धातूची चौकट गंजू शकते. गुंडाळलेल्या कापडाच्या थरांमुळे नळीची एक बाजू किंचित ताठ असते; ती ओळखण्यासाठी काठीचा बुडखा जमिनीवर टेकवून, तळहाताने शेंडा दाबून ती फिरवून पाहतात. ही कसोटी बांबू पारखणाऱ्याच्या हाताला अनोळखी वाटणार नाही.

आणखी एक निकष जीविताशी संबंधित आहे. कार्बन विजेचा वाहक आहे. कोरडा बांबू आणि काच तशी वाहक नाहीत. भाईंदरच्या खाडीवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो आणि खाडीकाठाने इतर वीजवाहिन्याही गेलेल्या आहेत. अशा ठिकाणी, तसेच वळवाच्या विजांच्या वेळी, कार्बनची काठी उभारणे प्राणघातक ठरू शकते. जुन्या कोरड्या काठीबरोबर ही चिंता एवढी नव्हती. म्हणून जुन्या पारखीत तिचे उत्तरही नाही. द्रव्य बदलले की पारखीत नव्या ज्ञानाची भर घालावी लागते, याचे हे उदाहरण आहे.

समारोप

कोऱ्या काठीच्या निवडीचा इतिहास हा तंत्रविज्ञानाच्या सरळ प्रगतीचा इतिहास नाही. कार्बनने वजनाचा प्रश्न सोडविला. काठी विशिष्ट हाताला, विशिष्ट पाण्याला जुळते की नाही हा प्रश्न सोडविला नाही. तो सोडविण्यासाठी आजही काठी वाकवून, हलवून आणि वजन टांगून पाहावी लागते. नर बांबूच्या बाबतीत द्रव्य भारताकडे होते, पारखही होती; परंतु ती पारख लिहिली गेली नाही आणि प्रतवारीचा अधिकार दूरच्या बाजारपेठेकडे गेला. कार्बनच्या बाबतीत द्रव्यही बाहेरचे आणि प्रतवारीही बाहेरची आहे. उरलेले आहे ते केवळ खाडीचे ज्ञान, म्हणजे कोणत्या भरतीला, कोणत्या चरात, कोणत्या शेंड्याची काठी चालते याचे ज्ञान.

हे ज्ञान उत्तन-पाली-चौकच्या वयोवृद्ध मच्छीमारांपाशी आणि बुरूड कारागिरांपाशी अद्याप काही प्रमाणात आहे. किनारपट्टीतील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी, वनस्पतिशास्त्र आणि भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन त्याची शब्दसूची व मोजमापे नोंदविली, तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातूनही हे काम पार पडू शकेल. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक वही, काही नाणी आणि ऐकून घेण्याची तयारी पुरेशी आहे. कलकत्ता केनच्या काळी ही नोंद झाली नाही. कार्बनच्या काळात तरी ती राहून जाऊ नये.